‘मोठं इंजिन म्हणजे वरचा वर्ग’: जुन्या ड्रॅग रोडस्टरबद्दल फिरणारा गैरसमज

जुन्या अमेरिकन ड्रॅग रोडस्टरच्या (सरळ, छोट्या पट्ट्यावर वेगाची शर्यत लावणाऱ्या बिनछताच्या गाड्यांच्या) फोटोंखाली हल्ली एकच मजकूर चिकटवलेला दिसतो: ‘तेव्हा नियमबियम काही नव्हते. जुनी फोर्ड घ्या, टप कापा, मिळेल ते सगळ्यात मोठं इंजिन बसवा. ए, बी, सी हे वर्ग म्हणजे इंजिनाचा आकार; मोठ्या इंजिनवालाच जिंकायचा. आणि नायट्रो (नायट्रोमिथेन हे इंधन) तर सगळेच ओतायचे.’ यातलं एकही विधान टिकत नाही. सगळ्यात मोठा घोटाळा वर्गांचा आहे, म्हणून सुरुवात तिथून.

‘ए, बी, सी म्हणजे इंजिनाचा आकार’

आपल्याकडे मोटरसायकलींच्या ड्रॅग शर्यतीत गट सीसीवर पडतात, त्यामुळे हे वाक्य पटकन पटतं. पण १९५१ साली वॉली पार्क्स यांनी स्थापन केलेल्या एनएचआरएच्या (नॅशनल हॉट रॉड असोसिएशन या अमेरिकन शर्यत संघटनेच्या) पद्धतीत रोडस्टरचं अक्षर ठरायचं ते गाडीचं वजन भागिले इंजिनाचे घनइंच या भागाकारावर. भागाकार जितका लहान, तितकं अक्षर ‘ए’कडे. सीमारेषा वर्षागणिक बदलल्या, त्यामुळे एखाद्या गाडीचा वर्ग तपासायचा तर त्याच वर्षाचं नियमपुस्तक हवं. इथे हिशेबापुरती ८ पौंड प्रति घनइंच ही रेषा धरू.

गाडी २,३०० पौंडांची (साधारण १,०४३ किलो), इंजिन शेव्हरोलेचं २८३ घनइंची. भागाकार ८.१३, म्हणजे ८ पेक्षा जास्त, म्हणून गाडी खालच्या वर्गात. आता याच इंजिनाचं सिलिंडर १/८ इंच मोठं करा. ३.८७५ इंचांचा बोअर (सिलिंडरचा व्यास) ४ इंच झाला, स्ट्रोक (पिस्टनची धाव) ३ इंचच राहिला, आणि क्षमता गेली ३०१.६ घनइंचांवर. भागाकार उतरला ७.६३ वर. आकार वाढला जेमतेम साडेसहा टक्के, पण गाडी वरच्या वर्गात ढकलली गेली आणि तिथे प्रति घनइंच तिच्यापेक्षा कितीतरी हलक्या गाड्या उभ्या. जुन्या वर्गात राहायचं तर वजन किमान २,४१३ पौंड करावं लागेल, म्हणजे ११३ पौंड जास्तीचं ओझं. उलट २८३ तसंच ठेवलं तर २,२६४ पौंडांपर्यंत उतरता येतं, म्हणजे आणखी ३६ पौंड काढून टाकता येतात. खरी हुशारी इथे होती: रेषेच्या अगदी काठावर गाडी बसवायची. म्हणून मुद्दाम लहान इंजिन निवडणारेही होते. आणि २८३चा प्रत्येक ब्लॉक १/८ इंच बोअर सोसत नाही. ओतकामात साच्यातला आतला गाभा (कोअर) सरकलेला असेल तर भिंत एका बाजूला पातळ राहते, आधी इंजिन तापतं आणि मग भिंत तडकून पाणी सिलिंडरमध्ये शिरतं. आज जुना ब्लॉक घेत असाल तर आधी अल्ट्रासोनिक यंत्राने भिंतीची जाडी मोजा, बोअरिंगचं नंतर बघा.

कागदावरची ही पद्धत मेलेली नाही. एनएचआरएच्या कॉम्पिटिशन एलिमिनेटर या शर्यत-गटामध्ये आजही बरेच वर्ग याच भागाकारावर पडतात.

‘मोठ्या इंजिनवालाच जिंकायचा’

क्रायस्लरचं ३९२ घनइंची हेमी (अर्धगोल दहनकक्षांचं इंजिन) बिडाचं, सातशे पौंडांच्या वर. लहान शेव्ही त्यापेक्षा दीडेकशे पौंडांनी हलकं. रोडस्टरच्या नाकावर एवढं वजन टाकलं की मागच्या चाकांवरचा वजनाचा वाटा घटतो आणि ताकद टायर फिरवण्यातच जाते. लहान इंजिनवाला आपली कसर गिअरने भरून काढायचा. हिशेब सोपा आहे: मैल प्रति तास गुणिले मागच्या अॅक्सलचं गिअर गुणोत्तर गुणिले ३३६, भागिले टायरचा व्यास इंचांत. ११० मैल, ४.५६ गिअर, २९ इंचांचा टायर: शेवटच्या रेषेवर इंजिन मिनिटाला ५,८०० फेऱ्यांच्या आसपास. ४.८८ लावला की ६,२००. सॉलिड टॅपेटवालं (व्हॉल्व्ह उघडणारे टॅपेट घन धातूचे असलेलं) २८३ हे हसत सोसतं. फोर्डच्या फ्लॅटहेडला (व्हॉल्व्ह सिलिंडरच्या बाजूला असलेल्या जुन्या इंजिनाला) तिथे धाप लागते, त्याला वेगळा गिअर हवा.

ताकद वाढली की तुटायचं काय, हेही ठरलेलं. आधी १९३९च्या फोर्ड गिअरबॉक्सचे दात, लिंकन-झेफर गाडीचे गिअर बसवलेले असले तरी. मग फोर्डच्या बँजो डिफरन्शियलचा (मागच्या चाकांना ताकद वाटणाऱ्या जुळणीचा) निमुळता अॅक्सल आणि त्याला चाकाशी पकडून ठेवणारी छोटी धातूची चावी. म्हणून पुढे लासाल गाडीचा गिअरबॉक्स आणि ओल्ड्समोबिल किंवा पाँटिअॅकचं मागचं डिफरन्शियल सर्रास दिसायला लागलं.

‘नियम नव्हते’

गॅस (म्हणजे पेट्रोलवरच्या) कूपे-सेडान वर्गात इंजिन व्हीलबेसच्या (पुढच्या आणि मागच्या चाकांमधल्या अंतराच्या) १० टक्क्यांपर्यंतच मागे सरकवता यायचं, ऑल्टर्ड म्हणजे जास्त फेरफार केलेल्या गाड्यांच्या वर्गात २५ टक्क्यांपर्यंत. मोजायचं पुढच्या चाकांच्या मध्यरेषेपासून पहिल्या स्पार्क प्लगपर्यंत. १९३२च्या फोर्डचा व्हीलबेस १०६ इंच, म्हणजे १०.६ विरुद्ध २६.५ इंच. साडेसव्वीस इंच मागे नेलं की फायरवॉल कापावी लागते, पेडल आणि स्टिअरिंग हलवावं लागतं, आणि क्लच थेट चालकाच्या पायांशेजारी येतो. ओतीव फ्लायव्हील जास्त फेऱ्यांवर फुटलं तर तुकडे कुठे जाणार हे सांगायला नको. म्हणून पोलादी फ्लायव्हील आणि बेलहाउसिंगभोवती (क्लच झाकणाऱ्या आवरणाभोवती) जाड पोलादी पत्र्याचं कवच आलं. तपासणीत नापास झालेली गाडी रेषेपर्यंत पोचायचीच नाही.

‘टप कापला की रोडस्टर’

नाही. कूपेचं (छत असलेल्या दोन दारांच्या गाडीचं) छत कापलं तर ती छत कापलेली कूपे. रोडस्टरची बॉडी कारखान्यातूनच उघडी येते, दारात वर-खाली होणाऱ्या काचा नसतात, समोरच्या काचेची चौकट बोल्टने बसवलेली असते. दारात काच चढत असेल तर ती कॅब्रिओले.

‘सगळेच नायट्रो ओतायचे’

१९५७पासून एनएचआरएने आपल्या शर्यतींत नायट्रोवर बंदी घातली होती. ती १९६३च्या विंटरनॅशनल्स या शर्यतीपासून सैल झाली. इतर संघटनांच्या पट्ट्यांवर तो चालायचा, हे खरं. कॅलिफोर्नियातल्या बेकर्सफील्डची १९५९ची पहिली मार्च मीट ही शर्यत आर्ट क्रिसमन यांनी जिंकली ती नायट्रोवरच, पण ड्रॅगस्टर (फक्त ड्रॅगसाठी बांधलेली लांबट गाडी) घेऊन. मजकुरासोबत जे ज्वाळा ओकणारे फोटो येतात ते बहुतेक एए/एफए वर्गाचे, म्हणजे सुपरचार्जर (इंजिनात जास्त हवा कोंबणारा पंप) आणि नायट्रोवाल्या फ्युएल ऑल्टर्डचे: विली बोर्श यांची ‘विंग्ड एक्सप्रेस’, रिच ग्वास्को यांची ‘प्युअर हेल’. बँटम या छोट्या जुन्या अमेरिकन गाडीची उघडी बॉडी पाहून त्यांना सरसकट रोडस्टर वर्गात टाकलं जातं. फोटो पाहताना आधी दारावरचं अक्षर वाचा. ‘एसआर’ म्हणजे स्ट्रीट रोडस्टर. तिच्यावर दिवे, समोरची काच, मडगार्ड असावेच लागायचे. दारावर ‘एसआर’ आहे आणि यातलं काहीच नाही, तर अक्षर बहुधा नंतर कुणीतरी हौसेने रंगवलेलं.