नो फॉल्ट फाउंड म्हणे!

'नो फॉल्ट फाउंड. कस्टमर जास्त गेम खेळतो.'

सर्व्हिस सेंटरने जॉब शीटवर हे लिहून दिलंय मला. निळ्या बॉलपेनने, खाली सही, सहीवर गोल शिक्का. तपासणीचे पैसे घेतले, वर १८ टक्के जीएसटी लावला आणि हे निदान हातात ठेवलं. गेमिंग पीसीवर गेम खेळणं हाच बिघाड निघाला!

मशीन देताना मी कॅबिनेटच्या काचेवर कागद चिकटवला होता, ठळक अक्षरात. दोन्ही ग्राफिक्स कार्डं लावलेली असताना, ओव्हरक्लॉक (म्हणजे प्रोसेसर ठरल्यापेक्षा जास्त वेगाने पळवणं) चालू असताना, गेम सुरू केल्यावर अर्ध्या तासाच्या आत स्क्रीन काळी होते, आवाज घर्रर्र करत अडकतो, पंखे फुल स्पीडला जातात आणि मशीन आपोआप रिस्टार्ट होतं. यापेक्षा सोपं मराठी मला येत नाही. घरी आणून झाकण उघडलं तर तो कागद घडी घालून केबलींच्या मागे कोंबलेला. एसएलआयचा ब्रिज, म्हणजे दोन्ही कार्डं जोडणारी पट्टी, काढून प्लास्टिकच्या पिशवीत. खालच्या कार्डाच्या पॉवर केबल लोंबकळतायत. बायॉस, म्हणजे मदरबोर्डची मूळ सेटिंग, क्लिअर. किती रात्री घालवून बसवलेली व्होल्टेजं, लोड लाइन, फॅन कर्व्ह, सगळं धुऊन काढलेलं. आणि टेस्ट काय केली? ब्राउझरची हिस्टरी उघडून बघितली. पिसारा फुलवलेल्या मोराचा फोर-के व्हिडिओ. दोनदा. पासवर्ड घेतला होता तो मोर बघायला.

फोन लावला. काउंटरवरचा तोच पोरगा.

"सर, आमच्याकडे एकदम ओके चालत होतं."

"अरे, पण दुसरं कार्ड तू लावलंच नाहीस ना!"

"सर, ते लावलं की बंद पडत होतं. म्हणून काढून टेस्ट केलं."

दोन मिनिटं मला बोलताच येईना. बंद पडत होतं! म्हणजे फॉल्ट फाउंड होता, साहेबांनी तो नीट काढून पिशवीत ठेवला आणि शीटवर लिहिलं, नो फॉल्ट. असंच करायचं असेल तर मी पण करतो, पीसीचं बटणच दाबत नाही, आयुष्यात क्रॅश होणार नाही.

वर शहाणपणा काय, तर "ओव्हरक्लॉक केलंय ना सर, मग ते वॉरंटीत बसत नाही." कुठल्या वॉरंटीत? २०१७ सालची कार्डं आहेत ती, वॉरंटी संपून जमाना झाला, मी रोख पैसे मोजतोय. आणि हा ओव्हरक्लॉकचा दुटप्पीपणा तर माझ्या कायमच डोक्यात जातो. नावामागे 'के' असलेला प्रोसेसर जास्त पैसे देऊन घ्या, झेड चिपसेटचा बोर्ड जास्त पैसे देऊन घ्या, खोक्यावर 'ओसी', म्हणजे ओव्हरक्लॉक, असं इंचभर अक्षरात छापलेलं, बायॉस उघडलं की पहिल्याच पानावर ओसीचं बटण. आणि ते दाबलंत की तुम्ही गुन्हेगार! साधं एक्सएमपी चालू केलं, म्हणजे रॅम तिच्याच पाकिटावर लिहिलेल्या स्पीडला पळवली, तरी कागदोपत्री ते ओव्हरक्लॉकच.

टेस्ट मी केल्या नाहीत असंही नाही. प्रोसेसरसाठी प्राइम९५ रात्रभर. पास. मेमटेस्ट८६, आधी एकेक रॅम लावून, मग दोन्ही. शून्य एरर. फरमार्कवर कार्डं भाजून काढली. पास. एकेक कार्ड वेगळं लावून तोच गेम, त्याच जागी. दोन्ही निर्दोष. वरचं खाली केलं, खालचं वर केलं, ब्रिज बदलला, सेफ मोडमध्ये जाऊन डीडीयूने ड्रायव्हर मुळासकट उपटले, जुना टाकला, नवा टाकला. काही फरक नाही. टेस्ट चालू असेपर्यंत मशीन एकदम गुणी. टेस्ट बंद करून मी गेम उघडला, बॉसचं शेवटचं बोटभर हेल्थ उरलंय, सेव्ह पॉइंट पार मागे राहिलाय, की गेलंच.

तसं का होतं तेही माहितीय हो मला. टेस्टमध्ये लोड एकसारखा असतो, गेममध्ये तो क्षणाक्षणाला वरखाली होतो. दार उघडलं, नवा सीन आला, दोन्ही कार्डांनी एकदम करंट ओढला. माझं कार्ड १०८० टीआय, म्हणजे कागदावर २५० वॉट, असे दोन, आणि क्षणभराचा झटका त्याच्या बराच वर जातो. त्याच वेळी प्रोसेसरवर लोड आला की त्याचं व्होल्टेज खाली झुकतं. आता यात नेमकं कोण कोलमडलं? एसएमपीएस, म्हणजे आतला वीज पुरवणारा डबा? प्रोसेसर? वरचं कार्ड? हे कोण सांगणार? विंडोजची नोंदवही, इव्हेंट व्ह्यूअर?

इव्हेंट व्ह्यूअर सांगतो, कर्नल-पॉवर ४१. अर्थ काय, तर मशीन नीट शटडाउन न होता रिस्टार्ट झालं. अरे हो, मी समोरच बसलो होतो! बगचेक कोड, म्हणजे बिघाडाचा नंबर, बघावा तर शून्य. कधीमधी त्याच्या आधी ४१०१ असतो. डिस्प्ले ड्रायव्हरने प्रतिसाद देणं थांबवलं आणि तो यशस्वीरीत्या पूर्ववत झाला. यशस्वीरीत्या! विंडोज ग्राफिक्स कार्डाची दोन सेकंद वाट बघतं, उत्तर आलं नाही की ड्रायव्हर रिसेट करतं. त्यावर जाणकारांचा उपाय असा की रजिस्ट्रीत जाऊन त्या दोनाचे दहा करा. म्हणजे काळ्या स्क्रीनकडे दोनऐवजी दहा सेकंद बघत बसायचं. ऑफिसमधले आयटीवाले साहेब हे इतक्या गंभीरपणे सांगतात की ऐकताना वहीत लिहून घ्यावंसं वाटतं.

आणि फॉरमॅटवाले! मेहुणा, "फॉरमॅट मारून बघ." सोसायटीतले काका, "व्हायरस असणार, फॉरमॅट मार." दुकानदार, "सर, एकदा फॉरमॅट मारूया का?" व्होल्टेज कमी पडतंय आणि हे सी ड्राइव्ह पुसतायत. फॉरमॅटचं झालं की खोडरबर. रॅम काढायची, तिचे सोनेरी पाय खोडरबरने घासायचे, परत लावायची. यातली चीड आणणारी गोष्ट ही की जुन्या मशीनवर ते खरंच चालायचं, त्यामुळे काकांना आता कोणी आवरू शकत नाही.

बरं, मुळात हे दोन कार्डांचं प्रकरण. १९९८ साली थ्रीडीएफएक्सने व्हूडू २ ची दोन कार्डं जोडून दाखवली, मग २००४ मध्ये एनव्हिडियाने एसएलआय हेच नाव उचलून परत आणलं, आणि आमच्यासारख्यांची एक अख्खी पिढी कॅबिनेटच्या काचेतून दोन कार्डं दिसली पाहिजेत या एकाच ध्येयाने झपाटली. ११ जीबी आणि ११ जीबी मिळून २२ होत नाहीत, ११च राहतात, कारण तोच डेटा दोन्हीकडे ठेवावा लागतो. एक फ्रेम याने काढायची, पुढची त्याने, आणि दोघांचा ताल जरा चुकला की मीटरवर सेकंदाला १०० फ्रेम आणि डोळ्यांना धक्के. आठव्या पिढीच्या प्रोसेसरला ग्राफिक्ससाठी डेटाच्या १६ लेन, त्या आठ-आठ वाटून घ्यायच्या. १ जानेवारी २०२१ पासून तर या कार्डांसाठी नवीन एसएलआय प्रोफाइल, म्हणजे एखाद्या गेमला दोन्ही कार्डं वापरायला लावणारी सेटिंग, येणंच बंद झालं. त्यानंतरच्या बहुतेक गेममध्ये खालचं कार्ड नुसतं दिवे लावून बसतं. दोन्ही कामाला लागतात ती जुन्या गेममध्ये, आणि मशीन आडवं होतं ते तिथेच.

त्यात वरचं कार्ड. खालच्याने सोडलेली सगळी गरम हवा याने ओढायची. एसटीत ड्रायव्हरशेजारी इंजिनाच्या बॉनेटवर बसून घाट चढणाऱ्या माणसाचे जे हाल होतात, तेच याचे. ८४ अंशाला पोचलं की ते क्लॉक खाली आणायला लागतं. पुण्यात मे महिन्यात दुपारी खोलीच मुळात चाळिशीला टेकलेली असते. साइड पॅनेल उघडं ठेवलं तर समोर टॉवरचं बांधकाम, सिमेंटची धूळ थेट पंख्यात. लावलं तर भट्टी. टेबल फॅन लावला तर सासूबाई विचारतात, "कॉम्प्युटरला वारा घालताय होय?"

लाइटचं तर बोलायलाच नको. गुरुवारी जाते ती जाते, इतर दिवशी व्होल्टेज नाचतं. अर्थिंगच्या नावाने बोंब. कॅबिनेटच्या पत्र्याला टेस्टर लावला तर आतला दिवा मिणमिणतो. वायरमनला दाखवलं तर तो पत्र्याला हात लावून म्हणतो, "बारीकसा तर आहे साहेब, त्याला काय होतंय." त्याच्या पायात रबरी चप्पल, माझे पाय फरशीवर उघडे. 'कॉम्प्युटर यूपीएस' म्हणून जो ६०० व्हीएचा डबा विकतात, तो देतो ३६० वॉट. गेम चालू असताना लाइट गेली तर तो डबा एकदाच केविलवाणं पीं करतो आणि माझ्याआधी आडवा होतो.

एवढा राग ओकून झाल्यावर जरा थंड डोक्याने विचार केला तर, खरं सांगू? मी गेम खेळतोच कुठे? समोर शत्रू गोळ्या घालत असतो आणि माझी नजर वर डाव्या कोपऱ्यातल्या तापमानाच्या आकड्यावर. दुसऱ्या मॉनिटरवर नुसते आलेख. त्या मॉनिटरवर पूर्वी सिनेमे बघायचो. व्हीकोअर, म्हणजे प्रोसेसरचं व्होल्टेज, १.३५ चं १.३६ केलं की मला जो आनंद होतो तो कुठलाही गेम संपवून होत नाही. पाच गिगाहर्ट्झचं ४.८ केलं तर हे सगळं कदाचित थांबेलही, आणि फोर-केला खेळताना तो फरक माझ्या बापालाही कळणार नाही. पण ४.८ म्हणजे काय आकडा आहे का? चारचौघांत सांगायचा असेल तर पाच पाहिजे.

बायकोने परवा जेवताना शांतपणे विचारलं, "एका कार्डावर नीट चालतं ना? मग दुसरं कशाला लावतोस?" म्हणजे सर्व्हिस सेंटरवाल्याचं आणि हिचं निदान एकच. हिने फक्त जीएसटी लावला नाही.

तिला मी एसएमपीएसच्या रेल्स समजावून सांगायला घेतल्या. एकाच केबलला दोन कनेक्टर असलेली शेपटी वापरायची नाही, प्रत्येक कनेक्टरला स्वतंत्र केबल लावायची, आठ पिनेला १५० वॉट, सहा पिनेला ७५, स्लॉटमधून आणखी ७५. ती म्हणाली, भात घेणार का.

आता बायॉस परत पहिल्यापासून. आधीच्या सेटिंगचे फोटो काढले होते मोबाइलवर, त्यातल्या निम्म्यांत फ्लॅशचा पांढरा गोळा बरोबर व्होल्टेजवर आलाय. नशीब! रविवारी मित्राचा १२०० वॉटचा एसएमपीएस दोन दिवसांच्या बोलीवर आणतोय. त्याने दोन अटी घातल्यात. डबा उघडायचा नाही, आणि त्याने पण क्रॅश झालं तर त्याच्या एसएमपीएसला नावं ठेवायची नाहीत. पहिली मान्य केलीय.