दर बांधले म्हणून औषध गायब होतं?

एक मेसेज पुन्हा फिरतोय: 'सरकारने औषधांचे दर खर्चाच्याही खाली बांधलेत. म्हणून औषधं बाजारातून गायब होतात, स्टेंटवाल्या कंपन्या देश सोडून गेल्या, संशोधन थांबलं. दर बाजारावर सोडा, आपोआप उतरतील.'

आधी 'खर्चाच्या खाली'. 1995 च्या औषध दर नियंत्रण आदेशात खर्चावरून किंमत ठरायची. 2013 च्या नव्या आदेशात ती पद्धतच गेली. आता सरकारच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीतलं औषध घ्यायचं, त्याच्या ज्या ब्रँडांचा बाजारात किमान 1 टक्का वाटा आहे ते पाहायचे, ते दुकानदाराला ज्या दराने मिळतात त्या दरांची साधी सरासरी काढायची आणि वर दुकानदाराचे 16 टक्के धरायचे. समजा तीन ब्रँड दुकानदाराला 20, 40 आणि 90 रुपयांना पडतात. सरासरी 50, कमाल किंमत 58, वर कर. नव्वदवाल्याला खाली यावं लागतं. वीसवाल्याला मात्र 58 पर्यंत चढायची मुभा नाही. म्हणजे कमाल किंमत निघते ती कंपन्यांच्या स्वतःच्याच दरांतून, आणि महागडे ब्रँड तिला वर ओढतात. माझी तक्रार उलटी आहे: ही वेसण सैल आहे.

शिवाय दर एप्रिलला घाऊक किंमत निर्देशांकाप्रमाणे यादीतल्या औषधांची किंमत वाढवता येते. 2022 मध्ये ही मुभा 10.77 टक्के होती, 2023 मध्ये 12.12. 2024 मध्ये ती जेमतेम 0.00551 टक्के होती, आणि नेमकं तेव्हाच 'औषधं 12 टक्क्यांनी महागली' हा मेसेज आला होता. तोही याच उत्साहाने पुढे ढकलला गेला.

औषधं गायब होण्याची गोष्ट मात्र अगदीच खोटी नाही. काही जुनी, स्वस्त औषधं बनवणं खरंच परवडेनासं होतं, कारण कच्चा माल महागतो आणि निर्देशांक त्याच्या मागे धावत नाही. पण त्यासाठी त्याच आदेशात परिच्छेद 19 आहे. ऑक्टोबर 2024 मध्ये तो वापरून 8 औषधांच्या 11 प्रकारांची कमाल किंमत 50 टक्क्यांनी वाढवली गेली. त्यात बेंझिल पेनिसिलिन, दम्याची साल्ब्युटामॉल, मनोविकारावरची लिथियम होती. 2019 आणि 2021 मध्येही अशी वाढ झाली होती. हे लवकर व्हायला हवं, ही टीका मला पटते. पण परिच्छेद 19 उशिरा वापरतात म्हणून अख्खा आदेशच मोडीत काढायचा, हे पटत नाही.

स्टेंट, म्हणजे हृदयाची धमनी उघडी ठेवणारी जाळीदार नळी. फेब्रुवारी 2017 मध्ये औषधलेपित स्टेंटची कमाल किंमत करांशिवाय 29,600 रुपये झाली; त्याआधी सरासरी छापील किंमत सव्वा लाखाच्या आसपास होती. काही परदेशी कंपन्यांनी आपली महागडी मॉडेल्स मागे घेण्याची परवानगी मागितली, हे खरं. त्या देश सोडून गेल्या, हे नाही. पुरवठा चालू ठेवायला सरकारने विशेष अधिकारही वापरले. हो, स्टेंट उतरला म्हणून अँजिओप्लास्टीचं अख्खं बिल तितकंच उतरलं असं समजू नये. त्या बिलाला मर्यादा नव्हतीच.

संशोधनाचं एका वाक्यात: पेटंट असलेल्या नव्या औषधाला बाजारात आल्यापासून 5 वर्षं या आदेशातून सूट आहे, 2019 पासून.

राहिलं 'बाजारावर सोडा'. बटाटे महाग वाटले तर गिऱ्हाईक पुढच्या गाडीवर जातं. औषध डॉक्टर लिहितात, दुकानदार देतो, पैसे रुग्ण मोजतो. चिठ्ठीवरचा ब्रँड त्याने निवडलेला नसतो. 2019 मध्ये कॅन्सरच्या 42 औषधांवरचा व्यापारी नफा 30 टक्क्यांपुरता बांधला. सरकारी आकड्यांप्रमाणे 526 ब्रँडांच्या किमती उतरल्या, काहींच्या 90 टक्क्यांपर्यंत. ही 42 औषधं तोवर अत्यावश्यक यादीच्या बाहेर होती, म्हणजे बरीचशी बाजारावरच सोडलेली.