प्रोजेक्टचं घड्याळ नवरात्रीआधी लागायला हवं

मे महिन्यात मी तीन आठवडे बडोद्याला होते. एका संध्याकाळी दांडिया बाजारातल्या आमच्या घरी दादाचे मित्र आणि नात्यातले एक प्राध्यापक बसले होते. भाचीचं इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टचं सबमिशन नुकतंच झालं होतं, त्यामुळे विषय तिथेच गेला. शेजारचे काका म्हणाले, "अर्धी पोरं तयार प्रोजेक्ट विकत घेतात, उरलेली एआयकडून रिपोर्ट लिहून घेतात. बंदच करा हे. त्यापेक्षा सहा महिने कंपनीत पाठवा." प्राध्यापकांचं म्हणणं वेगळं होतं. "साधनं आज हवी तेवढी आहेत. पण मुलांना हात हलवायचा नाही, त्याला कोण काय करणार?" भाची तिथेच बसली होती. ती काही बोलली नाही आणि मीही बोलले नाही. तेव्हा जे बोलायला हवं होतं, ते आता जर्मनीत श्टुटगार्टला परत आल्यावर लिहिते आहे.

मी स्वतः बडोद्याच्या कलाभवन या तंत्रशिक्षण संस्थेत शिकलेली. महाराजा सयाजीरावांनी १८९० साली रसायनशास्त्राचे प्राध्यापक त्रिभुवनदास गज्जरांच्या हाती ही संस्था सोपवली, तेव्हापासून तिथे हाताने काम करून शिकण्याला मान होता. गेली एकोणीस वर्षं मी इथे गाड्यांच्या सुट्या भागांच्या डिझाइनमध्ये आहे. दरवर्षी एक-दोन जर्मन विद्यार्थी आमच्या विभागात पदवीचा शेवटचा प्रबंध करायला येतात आणि त्यांचं काम बघणं माझ्याकडे असतं. त्यामुळे दोन्हीकडची मुलं मी जवळून पाहिली आहेत. बडोद्याची मुलं आळशी आहेत हे मला मान्य नाही. त्यांचं घड्याळ फार उशिरा सुरू होतं आणि मधल्या काळात त्यांचं काम कोणी वाचत नाही, हे माझं खरं दुखणं आहे.

साधनांबद्दल प्राध्यापक बोलले त्यात तथ्य आहे. एनपीटीईएल या संकेतस्थळावर आयआयटीच्या प्राध्यापकांची व्याख्यानं फुकट आहेत. शोधगंगेवर देशभरातले पीएचडीचे प्रबंध अख्खे वाचता येतात, आणि ती चालवणारं इन्फ्लिबनेट हे केंद्र आपल्या गांधीनगरलाच आहे. संशोधनाची नियतकालिकं विद्यार्थ्यांना वाचायला खुली करणारी 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन' ही योजना नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजूर झाली. तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये, ३० प्रकाशक आणि जवळजवळ १३,००० नियतकालिकं असा तिचा पसारा आहे. महाराजा सयाजीराव विद्यापीठातल्या मुलांना तिचा लाभ आहे. पण योजना सरकारी संस्थांपुरती आहे, आणि बडोद्याभोवती हायवेला जी खासगी कॉलेजं उभी आहेत त्यातली मुलं बाहेर राहिली. माझी भाची त्यांतलीच. ज्या शहरात १९१० साली महाराजांनी अमेरिकेहून ग्रंथपाल विल्यम बोर्डन यांना बोलावून सर्वांसाठी ग्रंथालयांची व्यवस्था उभी केली, गावोगाव पुस्तकांच्या पेट्या पाठवल्या, तिथल्या मुलीला एका लेखासाठी मैत्रिणीच्या लॉगिनची वाट बघावी लागते, याचं मला वाईट वाटतं. तरीही सांगते, तिचं काम अडलं ते लेखामुळे नाही.

ते कशामुळे अडलं ते नीट सांगते.

ऑगस्ट २०२४ च्या पुरात विश्वामित्री नदीचं पाणी शहरात शिरलं, मगरी सोसायट्यांमध्ये आल्या. भाचीच्या मावशीचं तळमजल्याचं घर तीन दिवस पाण्यात होतं. म्हणून चौघांच्या ग्रुपने विषय घेतला तो नदीची पातळी मोजून मोबाइलवर इशारा देणाऱ्या यंत्राचा. पुलाखाली अल्ट्रासॉनिक सेन्सर लावायचा. तो आवाजाची लहर सोडतो, ती पाण्यावर आपटून परत यायला किती वेळ लागला ते मोजतो आणि त्यावरून अंतर काढतो. विषय मनापासून निवडलेला होता, विकत आणलेला नव्हता.

विषयाला मंजुरी मिळाली जानेवारीच्या शेवटी. मार्गदर्शक सरांकडे अकरा ग्रुप होते. फेब्रुवारी गेटच्या प्रवेश परीक्षेत आणि नोकरीसाठीच्या प्लेसमेंटच्या फेऱ्यांमध्ये गेला, मार्च मिडसेम परीक्षेत. खरं मोजमाप सुरू झालं एप्रिलमध्ये, आमच्या गच्चीवर. सेन्सर कठड्याला बांधला, समोरची भिंत टेपने मोजून बरोबर तीन मीटरवर. सकाळी सातला यंत्र दाखवायचं दोन मीटर सत्त्याण्णव. दुपारी दोनला दोन मीटर अठ्ठ्याऐंशी. भिंत तर जागची हलत नाही. मुलांनी सेन्सर बदलला, वायरी बदलल्या, नवा बोर्ड आणला. आकडा रोज दुपारी खाली यायचा. शेवटी सबमिशनला चार दिवस उरले, तेव्हा त्यांनी सकाळचे आकडे ठेवले, दुपारचे काढून टाकले आणि 'अचूकता ९९ टक्के' असं लिहून रिपोर्ट बाइंडिंगला दिला. काळं रेक्झिन, सोनेरी अक्षरं, पाच प्रती.

मी गेले तेव्हा तिची लॉगबुक सहज चाळायला घेतली. साधी दोनशे पानी वही. डावीकडे वेळ, उजवीकडे आकडा, आणि समासात पेन्सिलने बारीक अक्षरात 'आज फार ऊन', 'आज ढग, आकडा बरा'. ती वही पाहून मला भरून आलं. उत्तर तिनेच लिहून ठेवलं होतं. आवाजाचा वेग हवेच्या तापमानाबरोबर वाढतो, दर अंशाला सेकंदामागे साधारण ०.६ मीटर. त्यांच्या कोडमध्ये तो सेकंदाला ३४३ मीटर असा कायमचा घातलेला होता, म्हणजे वीस अंशांचा. बडोद्याची एप्रिलची दुपार बेचाळीसची. तिथे तो ३५७ च्या आसपास असतो, लहर लवकर परत येते, आणि यंत्राला भिंत अकरा-बारा सेंटिमीटर जवळ वाटते. हाच सेन्सर नदीवर लावला असता तर पाणी एक बोटही न वाढता ते अर्धी वीत चढल्याचा इशारा रोज दुपारी गेला असता.

मी तिला एवढंच विचारलं, "हवेचं तापमान मोजलं होतंस का गं?" ती क्षणभर बघत राहिली. मग म्हणाली, "आत्या, हे कोणीतरी एप्रिलमध्ये विचारायला हवं होतं." शंभर-दीडशे रुपयांचा तापमानाचा सेन्सर आणि कोडमध्ये एक ओळ, एवढंच लागलं असतं. त्या चुकीतूनच तिचा प्रोजेक्ट उभा राहिला असता. वहीवर दर शनिवारी सरांची सही व्हायची होती. सगळ्या सह्या एकाच दिवशी, एकाच पेनाने झाल्या आहेत. मी सरांना दोष देत नाही. अकरा ग्रुप, वर लेक्चरं, वर पेपर तपासणी, त्यात माणूस काय काय वाचणार?

इथे काय होतं ते सांगते. आमच्याकडे येणाऱ्या मुलांचा प्रबंध १२ क्रेडिटचा असतो, म्हणजे साधारण ३६० तासांचं काम. आधी मुलाने दोन पानं लिहायची असतात: प्रश्न काय, तो कसा सोडवणार, कोणत्या आठवड्यात काय. ती दोन पानं मी तीन-चारदा परत पाठवते, कारण सुरुवातीला प्रत्येकाचा प्रश्न फार मोठा असतो. तो आवाक्यात आला की परीक्षा कार्यालयात नोंदणी होते आणि त्या दिवसापासून घड्याळ सुरू. सादर करायची तारीख त्याच कागदावर छापून येते. ती चुकली आणि डॉक्टरचा दाखला नसेल, तर नापास. ऐकायला कडक वाटतं, पण ती तारीख मुलाइतकीच माझ्यावरही बंधन घालते. दर दुसऱ्या मंगळवारी अर्धा तास मी त्याचं लिहिलेलं वाचायचंच. आकडे बिघडले तर ते तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात कळतं, तोवर हातात वेळ असतो.

काकांच्या कंपनीत पाठवण्याच्या सूचनेवरही इथलंच उदाहरण आहे. इथल्या बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्यातल्या उपयोजित विज्ञानाच्या विद्यापीठांत एक अख्खं सेमिस्टर कंपनीत काढावं लागतं, आणि प्रबंध त्यानंतर वेगळा. एकाच्या बदल्यात दुसरं नाही. कंपनीत मूल दुसऱ्याने दिलेलं काम शिस्तीने करायला शिकतं. स्वतःचा प्रश्न शोधून, तो शेवटाला नेऊन, 'हे मी केलं, इथे माझं चुकलं' असं सही करून सांगायला प्रबंधच लागतो.

पण इथलं सगळं उचलून बडोद्याला न्यावं असं मी म्हणणार नाही. इथला मुलगा फार एकटा असतो. तीन महिने तो आणि त्याचा संगणक. अडला तर कोणाचं दार वाजवायचं हे त्याला माहीत नसतं, आणि काहीजण मुकाट्याने शिक्षण सोडून जातात. भाचीच्या ग्रुपला सेन्सरसाठी पत्र्याचा खोका हवा होता, तेव्हा ती मुलं मकरपुरा जीआयडीसी या औद्योगिक वसाहतीतल्या एका छोट्या वर्कशॉपमध्ये गेली. मालकाने मुलांचं कागदावरचं वेडंवाकडं चित्र बघितलं, "थई जशे", होऊन जाईल, म्हणाला, चहा पाजला आणि तासाभरात पत्रा वाकवून, भोकं पाडून दिला. शिवाय पाणी आत जाऊ नये म्हणून वरच्या कडेला पन्हाळ कशी काढायची ते शिकवलं. पैसे घेतले नाहीत. श्टुटगार्टमध्ये याच कामाला मला तीन ईमेल, एक मंजुरी आणि दोन आठवडे लागतात. हा माणूस आपल्याकडचं सर्वांत मोठं साधन आहे आणि कुठल्याही पोर्टलवर त्याची नोंद नाही. कॉलेजांनी अशा वर्कशॉपवाल्यांना परीक्षेच्या दिवशी पाहुणे म्हणून बोलवावं. ते विचारतील ते प्रश्न पुस्तकात नसतात.

नक्कल आणि एआय, यावर घरी फार चर्चा झाली. यूजीसीचे, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाचे, २०१८ चे नियम १० टक्क्यांपर्यंतचं साम्य सोडून देतात आणि त्यापुढे शिक्षेच्या पायऱ्या लावतात, तेही एमए-एमएस्सीपासून पुढच्या प्रबंधांना. जर्मनीत प्रबंधातल्या नकलेमुळे २०११ मध्ये संरक्षणमंत्री गुटेनबर्ग आणि २०१३ मध्ये खुद्द शिक्षणमंत्री शावान यांना पद सोडावं लागलं. धाक इथे मोठा आहे हे खरं. पण माझा अनुभव असा की सॉफ्टवेअरचा टक्का मुलाला प्रामाणिक करत नाही. दर पंधरा दिवसांनी समोर बसून 'हा आकडा कुठून आला' विचारणारं माणूस असलं, की विकत आणलेला प्रोजेक्ट दुसऱ्याच भेटीत उघडा पडतो.

आणि प्रश्न आता इंजिनिअरिंगपुरता उरलेला नाही. नव्या शैक्षणिक धोरणानुसार पहिल्या सहा सेमिस्टरमध्ये ७५ टक्के मिळवणाऱ्यांना चौथ्या वर्षी संशोधनासह ऑनर्स घेता येतं, त्यात १२ क्रेडिटचा प्रबंध आहे. बीए, बीकॉमची मुलंही यात येतील. त्यांना वाचणारे शिक्षक कुठून आणणार, याची चर्चा मला बडोद्यात कुठेच ऐकू आली नाही.

माझं मागणं फार खर्चाचं नाही. आपलं वर्ष आपल्या सणांनी चालतं, तसंच वेळापत्रक लावा. विषयाची दोन पानं नवरात्रीच्या आधी मंजूर व्हावीत, कारण त्या नऊ रात्री बडोद्यात कोणी काम करत नाही आणि करूही नये. दिवाळीच्या सुट्टीत सामान जमवावं, वर्कशॉपच्या खेपा कराव्यात. पहिला मोजलेला आकडा, चुकीचा असला तरी, उत्तरायणाच्या, म्हणजे संक्रांतीच्या, आधी वहीत पडावा. धुळेटीनंतर, म्हणजे धुळवडीनंतर, नवीन प्रयोग नाही, फक्त लिहिणं. आणि एका शिक्षकाकडे पाच-सहापेक्षा जास्त ग्रुप नकोत. शिक्षक कमी असतील तर शहरात रिफायनरी आहे, जीएसएफसी हा खतांचा कारखाना आहे, तिथून निवृत्त झालेले कितीतरी मराठी-गुजराती इंजिनिअर सयाजीबागेत सकाळी फिरताना भेटतात. त्यांना एकेक ग्रुप द्या. ते आनंदाने वाचतील.

निघायच्या आदल्या दिवशी भाचीने तापमानाचा सेन्सर आणला आणि गच्चीवर परत मोजलं. दुपारी दोनला दोन मीटर नव्याण्णव. मार्कांना त्याचा आता काही उपयोग नाही, पण तिने ते वहीत तारखेसकट लिहिलं. तिच्या कॉलेजमधली पुढच्या वर्षीची पाच मुलं ते बघायला वर आली होती. त्यांना मी शब्द दिला आहे: दर रविवारी तुमच्या रात्री साडेआठला, माझ्या संध्याकाळी पाचला, मी तुमचं लिहिलेलं वाचेन. आतापर्यंत दोघांची दोन पानं आली आहेत. एकाला अख्ख्या शहराचं गटाराचं पाणी मोजायचं आहे. त्याच्या गल्लीच्या तोंडाशी एक चेंबर दर पावसात तुंबतं असं त्यानेच खाली लिहिलंय. या रविवारी त्या एका चेंबरबद्दल बोलायचं आहे.