‘बांगलादेशात फौज घाला, कांदा सुटेल’ हे खरं नाही

नाशिक जिल्ह्यातल्या कांद्याच्या ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय : २०२२ मध्ये रशियाच्या लष्करी गटाने कझाकस्तानातले दंगे आठवड्यात मोडले. भारतानेही शेजाऱ्यांचा तसा गट करून बांगलादेशात फौज घालावी, म्हणजे सीमेवर कांदा अडणार नाही.

‘गटाने दंगे मोडले.’ मुळात भडका उडाला तो कझाकस्तानच्या झानाओझेन शहरात, गाड्यांच्या गॅसचा दर दुप्पट झाल्यावर. या गटाचे, म्हणजे सामूहिक सुरक्षा करार संघटनेचे, दोन हजारांवर सैनिक ६ जानेवारीपासून उतरले, पण ते विमानतळ आणि मोक्याच्या ठिकाणी पहाऱ्याला होते. गोळ्या झाडल्या कझाक दलांनीच. इशारा न देता गोळी घाला, असा हुकूम राष्ट्राध्यक्ष तोकायेव यांनी जाहीरपणे दिला होता. सव्वादोनशेच्या आसपास माणसं मेली. याला यश म्हणायला माझी जीभ रेटत नाही. शिवाय गॅसची दरवाढ सरकारला मागे घ्यावीच लागली.

‘असा गट हाकेला धावतो.’ जून २०१० मध्ये गटातल्याच किर्गिझस्तानातलं ओश शहर जळत होतं. तिथल्या हंगामी सरकारने रशियाकडे सैन्य मागितलं. अंतर्गत मामला म्हणून नकार मिळाला. सप्टेंबर २०२२ मध्ये गटातल्याच आर्मेनियावर हल्ला झाला, तेव्हा सैन्याऐवजी पाहणी पथक आलं. गट धावतो तो मॉस्कोच्या सोयीने.

‘भारतानेही करावं.’ शेजाऱ्यांचा गट म्हणजे सार्क, पण त्याच्या सनदेनुसार दोन देशांमधले वाद चर्चेलाही घेता येत नाहीत. शिवाय रशियाच्या गटाला तोकायेव यांनी स्वतः बोलावलं होतं. ढाक्याने कोणाला बोलावलंय? आणि बोलावणं आलं तरी काय होतं, ते श्रीलंकेत दिसलं. १९८७ मध्ये रीतसर करार करून गेलेली भारताची शांतिसेना १९९० मध्ये परतली, तोवर अकराशेहून जास्त जवान गेले होते. देवळालीचा तोफखाना ज्यांच्या शेजारी आहे, त्यांनी तरी हे विसरू नये.

आता कांदा. ऑगस्ट २०२४ मध्ये शेख हसीना देश सोडून गेल्या तेव्हा सीमेवर ट्रक खोळंबले, हे खरं. काही दिवसांत वाहतूक सुरूही झाली. पण डिसेंबर २०२३ ची निर्यातबंदी दिल्लीची होती आणि ती मे २०२४ पर्यंत चालली. लाल कांदा चाळीत टिकत नाही, काढला की विकावाच लागतो. नेमका तोच बंदीत सापडला. लिलाव बंद पडले, चांदवडला शेतकऱ्यांनी महामार्ग अडवला. बंदी उठली तरी ४० टक्के निर्यात शुल्क लागलं. पुढे ते २० टक्क्यांवर आलं आणि पूर्ण गेलं १ एप्रिल २०२५ ला.

मेसेज फिरवायचाच असेल, तर हंगाम ऐन भरात असताना निर्यातबंदी घालू नका, ही मागणी फिरवा.