‘बँकॉकच्या नावाखाली बसची खिडकी दाखवली’ या अभिप्रायाला आमचं उत्तर

नमस्कार काका,

क्रूझवरून केलेल्या बँकॉक सहलीबद्दलचा तुमचा अभिप्राय वाचला. "बँकॉकच्या नावाखाली बसची खिडकी दाखवली. पाच तास बस, सव्वा तास दर्शन, वाट अरुण गायब, जेवण गार. एक तारा, तोही नाइलाजाने." जेवण गारच होतं आणि वाट अरुण हे बौद्ध मंदिर कार्यक्रमात छापलेलं असून झालं नाही. दोन्हीबद्दल मनापासून माफी मागतो. फोनवर मागितली होती, आता सगळ्यांसमोर मागतो.

पण "मुद्दाम लांबच्या बंदरावर उतरवलं" हे वाक्य मला झोपू देत नाही. काका, जहाज माझं नाही. आम्ही डोंबिवलीत नवरा-बायको मिळून ट्रॅव्हल ऑफिस चालवतो, जहाज कुठं लावायचं ते आम्हाला कोण विचारणार? क्रूझवाल्यांच्या पत्रकात ‘बँकॉक’ असतं, पण एवढी मोठी जहाजं लागतात लाएम छाबांगला. शहरातलं जुनं बंदर चाओ फ्राया नदीवर, आणि नदीचं मुख गाळानं उथळ. म्हणून १९९१ साली लाएम छाबांगचं खोल बंदर सुरू झालं. तिथून बँकॉक सव्वाशे किलोमीटरच्या आसपास. आपल्या भाषेत सांगायचं तर उरणला जहाजातून उतरायचं, पुण्यात शनिवारवाडा बघायचा आणि संध्याकाळी परत उरण गाठायचं. जायला अडीच तास, यायला अडीच. यात माझा एक पैशाचा फायदा नाही. डिझेल माझंच जळतं.

आता सव्वा तासाचा हिशोब. पावणेआठला निघायचं होतं, आठला निघालो. बस चुकीच्या गेटला लागली, ती पंधरा मिनिटं आमची, कबूल. साडेदहाला राजवाड्याच्या दारात होतो. तिथं खांदे आणि गुडघे झाकलेले लागतात. दोन दिवस आधी ग्रुपवर तसा मेसेज टाकला होता, त्यावर तुमचा अंगठाही आहे. तुम्ही बर्मुड्यात आलात. उन्हाळा होता, समजू शकतो. पण दारावरच्या माणसाशी तुमची हुज्जत, मग रस्त्यापलीकडे धावत जाऊन मी आणलेली हत्तीछाप पॅन्ट, मग "ही कमरेत बसत नाही" म्हणून दुसरी. चाळीस मिनिटं गेली. बाकीची एकवीस माणसं उन्हात उभी होती, त्यांतल्या एकानंही तारा कापला नाही. (पॅन्टचे २०० बाट मी मागितले नाहीत, आताही मागत नाही.)

वाट अरुण नदीपलीकडे आहे, बोटीनं पाच मिनिटं, पण रांग, चढउतार, फोटो धरून पाऊण तास लागतो. तो पाऊण तास कुठं गेला, ते वाचणाऱ्यांनीच ठरवावं. दोनला बँकॉक सोडलंच पाहिजे होतं, कारण पाचला सगळे जहाजावर हवेत. जहाजाच्या स्वतःच्या सहलीची बस अडकली तर जहाज थांबतं. आमच्यासारख्या बाहेरच्या बससाठी थांबत नाही, पुढचं बंदर ज्यानं त्यानं आपल्या खर्चानं गाठायचं. म्हणून तर जहाजाची सहल महाग आणि आमची स्वस्त. ती जोखीम माझ्या डोक्यावर असते. त्या दिवशी पावणेपाचला शिडीवर पाय ठेवला तेव्हा मी पाणीसुद्धा प्यायलो नव्हतो.

आणि सव्वा तास हा फक्त राजवाड्याचा. वाट फो हे दुसरं बौद्ध मंदिर तुमच्या हिशोबात आलंच नाही. ४६ मीटर लांब पहुडलेला बुद्ध, तळपायांवर शिंपल्याच्या जडावकामात १०८ शुभचिन्हं. त्या तळव्यांपाशी काकूंसोबत काढलेला फोटो तुमच्या डीपीवर आजही आहे. तो मीच काढलाय.

एक सांगतो, राग मानू नका. मलेशियातल्या पेनांगला जहाज थेट जॉर्ज टाउन शहराच्या धक्क्याला लागतं. बस नको, काही नको, चालत गावात. धक्क्यावरची लाकडी घरं, १८३३ सालचं मारीअम्मनचं देऊळ, सगळं पायी होतं. त्या दिवशी "पेनांगमध्ये काय आहे" म्हणून तुम्ही केबिनमध्ये झोपलात.

तुमचा अभिप्राय आल्यापासून दोन कुटुंबांनी नोव्हेंबरची चौकशी थांबवली आहे. तक्रार म्हणून नाही, आपलं सांगतो. पुढच्या पत्रकात बंदराचं खरं नाव आणि अंतर मोठ्या अक्षरात छापू, जेवणवाला बदलायचं बघतोय, वेळेचंही काहीतरी करू.

काकूंची हिरवी छत्री बसमध्ये राहिली होती, ती माझ्याकडे आहे. शनिवारी पोरगा ठाण्याला येतोय, त्याच्याकडे देतो. घरी कोणी असेल ना?