पीछे अंधेरा है

परवा रात्री इंदूरच्या पलासिया चौकात सिग्नलला थांबलो होतो. शेजारच्या मोटारसायकलवरचं पोरगं खिडकीशी वाकून म्हणालं, "काका, पीछे अंधेरा है." मी आधी डोक्याच्या मागे हात फिरवला. तिथे तर गेली कित्येक वर्षं उजेडच आहे. तोवर सिग्नल हिरवा झाला, पोरगं गेलं, आणि मागच्या रिक्षावाल्यानेही तेच वाक्य ऐकवलं. त्यात शेवटी 'अंकल' जोडला.

गाडी २००५ सालची मारुती ८००. नोंदणीची पंधरा वर्षं कधीच सरली. आता दर पाच वर्षांनी आरटीओत जाऊन ती अजून मोटारच आहे हे सिद्ध करावं लागतं, आणि मागचा लाल दिवा लागत नसेल तर ते सिद्ध होत नाही. बाकी हेडलाइट झक्क, ब्रेक दाबला की ब्रेकलाइटही लागतो. फक्त पार्किंगचा खटका फिरवला की फ्यूज उडतो. त्याच फ्यूजवर मीटरमधले दिवे आहेत. म्हणजे मागच्याला आपण दिसत नाही आणि आपण किती वेगाने दिसत नाही आहोत, ते आपल्याला दिसत नाही.

छोटी ग्वालटोलीकडच्या एका मेकॅनिककडे गेलो. फ्यूजच्या रंगांचा एक हिशोब असतो: दहा अँपिअरचा लाल, पंधराचा निळा, विसाचा पिवळा, तिसाचा हिरवा. त्याने उडालेला फ्यूज उपटला, एक हिरवा खोचला आणि हात पुसत म्हणाला, "भिया, हरा डाल दिया है. अब नहीं उड़ेगा." खरंच उडाला नाही. राजवाड्यापर्यंत आलो आणि डॅशबोर्डखालून जळक्या रबराचा वास येऊ लागला. त्या वायरीतून नीट चाललं तर दोन-अडीच अँपिअर वाहतात. तिच्यावर तिसाचा पहारेकरी बसवला, तर तो उठायच्या आत वायरच जळणार. फ्यूज उडणं हे त्याचं कामच आहे हो! परत जाऊन त्याला म्हटलं, बाबा, शॉर्ट कुठे आहे तो शोध. तो म्हणाला, "ढूंढने के पैसे कौन देता है, भिया? बोलो तो पूरी वायरिंग बदल दूँ." राग आला, आणि तो बरोबर बोलला म्हणून जास्तच आला. नवीन वस्तूचे पैसे आपण कुरकुरत का होईना देतो. दोन तास गाडीखाली डोकं घालून एक खरचटलेली वायर सापडवणाऱ्याला मात्र "नुसती टेप तर लावली" म्हणतो. मग कोण कशाला शोधेल?

तेव्हा रविवारी सकाळी पोहे-जलेबी उरकून मीच रामबागेतल्या आमच्या गल्लीत दिक्की उघडून बसलो. युक्ती जुनी आणि बिनखर्चाची आहे. त्या लाइनीवरचे सगळे दिवे काढून ठेवायचे आणि फ्यूजच्या जागी हेडलाइटचा जुना पंचावन्न वॅटचा बल्ब जोडायचा. वायर कुठे बॉडीला टेकली असेल तर करंट या बल्बातून जातो, बल्ब पेटतो, पण साडेचार-पाच अँपिअरच्या वर काही वाहत नाही, त्यामुळे जळत काही नाही. मग वायरी हलवत, सॉकेट सोडवत जायचं. बल्ब विझला की चोर सापडला.

हे सगळं इतकं सरळ आहे. गल्लीत आमचे वरच्या मजल्यावरचे काका नसते तर.

काका वीज खात्यातून निवृत्त झालेत. त्यांच्या शर्टाच्या खिशात कायम दोन वस्तू असतात, पेन आणि टेस्टर. पेन कोणी मागितलं तर देत नाहीत. टेस्टर कोणी मागत नाही तरी काढतात.

"काय करून राहिला रे?"

"शॉर्ट शोधतोय, काका."

"थांब." त्यांनी टेस्टर काढला, वायरीच्या टोकाला टेकवला, दुसऱ्या टोकावर अंगठा ठेवला आणि डोळे बारीक केले. "करंटच नाही."

"काका, हा टेस्टर घरच्या लाइनीचा. त्यातला निऑन पेटायलाच साठ-सत्तर व्होल्टच्या वर लागतात. गाडीत बारा आहेत."

"बारा काय, बाराशे असू देत. करंट असला तर टेस्टर सांगतो." मग ते पुढे गेले आणि बॅटरीच्या दोन्ही टोकांना टेस्टर लावून आले. "बॅटरी मेलेली आहे."

मी हॉर्न वाजवून दाखवला. समोरच्या ओट्यावरचं कुत्रं उठून गेलं.

"हॉर्नचं वेगळं असतं," काका म्हणाले.

एव्हाना दूधवाला, दोन पोरं आणि दळण घेऊन निघालेल्या एक मावशी जमल्या होत्या. मी जुना बल्ब जोडून खटका फिरवला. बल्ब भक्कन पेटला. "लागला! लागला!" पोरांनी टाळ्या वाजवल्या. दूधवाला म्हणाला, "हो गया काम!" मावशींनी तर हात जोडले. आता यांना कसं सांगणार, की हा पेटलाय हीच वाईट बातमी आहे? "हा विझायला पाहिजे," मी म्हटलं. मंडळींनी माझ्याकडे जे पाहिलं त्यात करुणाच जास्त होती. काका पुढे झाले, पेटलेल्या बल्बच्या टोकाला टेस्टर लावला, बराच वेळ पाहिलं आणि जाहीर केलं, "करंट नाही."

"काका, बल्ब पेटलाय."

"ते मला दिसून राहिलंय. करंट नाही."

नंतर त्यांनी त्यांचे आजोबा होळकरांच्या मोटारखान्यात होते तो विषय काढला. यशवंतराव महाराजांकडे १९३५ सालची ड्यूसेनबर्ग होती, गाडी अमेरिकेची आणि बॉडी विलायतेत गर्नी नटिंगकडे बांधलेली, हे खरंच आहे. पण तिच्या दिव्यांना एकदाही टेस्टर लावावा लागला नाही, आणि त्यावरून माझी गाडी फेकून द्यायच्या लायकीची ठरते, हे काकांचं स्वतःचं शास्त्र. मधेच कचरागाडी आली. २०१७ साली स्वच्छतेत इंदूरचा देशात पहिला नंबर आल्यापासून आमच्याकडे कचऱ्याला फार मान आहे. उडालेल्या फ्यूजची पुडी मी कोरड्यात टाकायला गेलो, तर गाडीवरच्या ताईंनी अडवलं, "ये इलेक्ट्रॉनिक में, भैया." एवढ्या बारकाईने माझी गाडी कोणी तपासली नव्हती.

सापडलं ते असं. मागच्या सीटच्या डावीकडच्या पॅनेलवर कोपर टेकलं आणि बल्ब मिणमिणला. परत दाबलं, परत मिणमिणला. पॅनेल उखडलं. आधीच्या मालकाने तिथे ताटाएवढे दोन स्पीकर बसवले होते, आणि त्यातल्या एकाचा लांबलचक स्क्रू मागे जाणाऱ्या वायरींच्या जुडग्यातून आरपार जाऊन पत्र्याला टेकला होता. इतकी वर्षं घासत घासत वायरीचं कातडं सोललं असणार. स्क्रू काढला. बल्ब विझला. मी "विझला!" म्हणून ओरडलो. दूधवाला हळहळला, "अरे, फिर चला गया."

वायरीला टेप गुंडाळली, वर रबरी नळीचा तुकडा चढवला, काढलेले दिवे बसवले आणि जितक्या अँपिअरचा हवा तितक्याच अँपिअरचा फ्यूज खोचला. दोन्ही लाल दिवे लागले, नंबरप्लेटवरचा लागला, मीटरमधलेही लागले. काकांनी मागच्या सॉकेटला टेस्टर लावला.

"करंट नाही. हे तात्पुरतं आहे."

एवढं म्हणून ते खाली बसले असते तरी चाललं असतं. पण ते आमच्या घरात गेले, चहा घेतला आणि हिला सांगितलं, की यांनी स्क्रू-बिक्रू काढला, पण अशाने गाडी पेटते, पूर्ण वायरिंग बदला. हिचा माझ्यावर पंचवीस वर्षं संसार करण्याइतका विश्वास आहे, त्याहून जास्त नाही. काका खात्यातले. येत्या शनिवारी गाडी छोटी ग्वालटोलीला टाकायची असं ठरलंय, त्याच मेकॅनिककडे, कारण काकांची त्याच्याशी ओळख निघाली. स्पीकर तेवढे नीट बसवून घ्या, असंही हिने सांगितलंय.