उरीयाचं काय? : एका प्रतिक्रियेला उत्तर

ताई, ख्रिस्तात सप्रेम सलाम.

उत्तराला चार दिवस लावले, माफ करा. पहिल्या दिवशी जे लिहिलं होतं त्यात नुसता स्वतःचा बचाव होता, म्हणून ते पुसून टाकलं.

इतर वाचकांसाठी थोडक्यात सांगतो. 'देव फुटक्या भांड्यांतूनही काम करतो' असं मी मागच्या एका लेखात लिहिलं होतं. ताईंचं म्हणणं असं की, त्यांच्या मंडळीत (चर्चमध्ये) एका पुढाऱ्याने माणसं दुखावली, पैशांचा हिशेब दिला नाही, आणि तोंड उघडणाऱ्यांना नेमकं हेच ऐकवलं गेलं: दावीदही चुकला होता, तरी देवाने त्याला वापरलंच ना? 'तुम्हा लोकांना दावीद बरा आठवतो, उरीया कधीच आठवत नाही,' असं त्या लिहितात. (राजा दावीदाने आपला सैनिक उरीया याची बायको बथशेबा हिला आपल्याकडे नेलं आणि उरीयाला लढाईत मारवलं, ती ही गोष्ट.)

हे वाक्य लागलं, कारण ते खरं आहे. लेखात दावीदावर तीन परिच्छेद होते आणि उरीयाचं नाव एकदाही नव्हतं. शास्त्र मात्र त्याला विसरलेलं नाही. बायबलमधल्या दुसऱ्या शमुवेलाच्या 23 व्या अध्यायात दावीदाच्या शूरांची यादी आहे. तिच्यात अगदी शेवटी येतो उरीया हित्ती, आणि मग 'एकंदर सदतीस'. पुढे नव्या करारात मत्तय येशूची वंशावळ देतो तेव्हा बथशेबाचं नाव घेत नाही, उरीयाची बायको म्हणतो. राजाच्या पराक्रमाची यादी असो की तारणाऱ्याचं कूळ, त्याने मारवलेल्या माणसाचं नाव तिथे आहेच. गाळायचं असतं तर किती सोपं होतं! दावीदाला त्याचं पाप दाखवायला नाथान संदेष्ट्याने सांगितलेल्या गोष्टीतली मेंढीही आठवा; ती मेंढी म्हणजे बथशेबा. श्रीमंत माणूस तिला गरिबाच्या घरातून उचलून नेतो. मेंढीवर एका शब्दाचाही ठपका नाही. (मी स्वतः एके काळी 'दावीद आणि बथशेबा, दोघंही चुकले' असं शिकवत असे. नाथान तसं म्हणत नाही.)

'अमेझिंग ग्रेस' हे गीत लिहिणाऱ्या न्यूटनबद्दलची तुमची दुरुस्तीही मान्य. 1748 च्या वादळात जॉन न्यूटनचा मनपालट झाला आणि त्याने गुलामांचा व्यापार सोडला, असं मी ऐकीव लिहिलं होतं. प्रत्यक्षात त्यानंतर तो गुलामांच्या जहाजांचा कप्तान झाला आणि 1754 मध्ये समुद्र सोडला तो प्रकृतीमुळे. त्या व्यापाराविरुद्ध त्याची पुस्तिका निघाली 1788 मध्ये, तीही स्वतःच्या सहभागाची कबुली देत. मधली 40 वर्षं मी एका वाक्यात गिळून टाकली होती.

इथवर तुमच्याशी भांडण नाही. पण तुम्ही पुढे विचारता, त्या माणसाच्या हातून माझा बाप्तिस्मा झाला, मग तोही खोटाच का? इथे मात्र मी ठामपणे नाही म्हणेन.

बायबलमधल्या गणनाच्या पुस्तकाचा 20 वा अध्याय काढा. मिसरमधून निघालेले इस्राएली लोक तहानलेले आहेत. देव त्यांच्या पुढाऱ्याला, मोशेला सांगतो, खडकाशी बोल. मोशे चिडलेला, लोकांना बंडखोर म्हणतो, 'आम्ही पाणी काढायचं का?' असं विचारतो आणि खडकावर दोनदा काठी मारतो. आज्ञा सरळसरळ मोडली. तरी पाणी भरपूर येतं, माणसं पितात, गुरंही पितात. आणि लगेच पुढच्याच वचनात देव मोशेला सांगतो की या लोकांना तू वचनदत्त देशात नेणार नाहीस. तुमच्या मंडळीतल्या वडीलधाऱ्यांनी पाण्याकडे बोट दाखवून पुढचं वचन झाकलं. तुम्ही पुढचं वचन वाचलंत, आणि आता पाणीच नाकारताय. ते पाणी मोशेला बक्षीस म्हणून आलंच नव्हतं. लोकांना तहान लागली होती म्हणून आलं.

हा प्रश्न जुना आहे. रोमन साम्राज्यात 303 साली सुरू झालेल्या ख्रिस्ती लोकांच्या छळात काही धर्मगुरूंनी पवित्र ग्रंथ अधिकाऱ्यांच्या हवाली केले. अशांच्या हातचे संस्कार खरे की खोटे, यावरून उत्तर आफ्रिकेतली मंडळी पिढ्यान्‌पिढ्या दुभंगलेली राहिली. तिथलाच बिशप ऑगस्टीन याचं उत्तर असं की, हात कोणाचाही असो, बाप्तिस्मा ख्रिस्ताचा असतो. तुमचा बाप्तिस्माही त्या पुढाऱ्याच्या मालकीचा नाही. तो त्याला देऊन टाकू नका.

त्याला पुन्हा उपदेशाला उभं करावं का, हे तुम्ही शेवटी विचारलंय. क्षमा मिळाली म्हणजे जागाही परत मिळाली, असं नाही. मोशेला परमेश्वराने टाकलं नाही, पण तो देश त्याने नबो डोंगरावरून नुसता पाहिला. येशूला अटक झाली तेव्हा 'मी त्याला ओळखत नाही' असं तीनदा म्हणणाऱ्या त्याच्या शिष्याला, पेत्राला, काम परत मिळालं हेही खरं, पण कसं? त्याने नाकारलं तेव्हा आवारात कोळशाचा विस्तव होता, आणि योहान 21 मध्ये किनाऱ्यावर येशूने पुन्हा कोळशाचाच विस्तव पेटवून ठेवलाय. जितक्या वेळा नाकारलं, तितक्या वेळा प्रश्न: माझ्यावर प्रीती करतोस का? तिसऱ्यांदा विचारल्यावर पेत्र दुःखी झाला. त्याला ते टाळू दिलं नाही. तुमच्या मंडळीत त्या माणसाला असं कोणी विस्तवापाशी बसवलं का? तुम्ही लिहिलंय त्यावरून तरी दिसत नाही. उलट तुम्हालाच गप्प बसवलं. मग घाई कसली?

तो लेख मी 'माझ्यासारखीने कसली प्रार्थना करायची' म्हणत मागच्या बाकावर बसणाऱ्यांसाठी लिहिला होता. त्यांच्यासाठी तो राहू देतो. न्यूटनचा भाग दुरुस्त केलाय, आणि दावीदाच्या आधी आता उरीया येतो. सवड झाली की वाचून सांगा, अजून कुठे खटकतंय ते.